झरीच्या पुढचं उजवं वळण

मोटारसायकलच्या डाव्या अंगाला अकरा ओरखडे होते. त्यांतले सात लांब, सरळ आणि एकमेकांना समांतर. चार आखूड आणि वेडेवाकडे. डावा आरसा निखळला होता, क्लचचा लिव्हर टोकाशी वाकला होता आणि मागच्या फुटरेस्टचं रबर गायब होतं. उजव्या अंगाला एकही ओरखडा नव्हता. डब्याच्या पिशवीतली बटाट्याची भाजी जागच्या जागी होती, पोळ्याही होत्या, फक्त दह्याच्या डबीचं झाकण उडालं होतं आणि दही खडूंच्या खोक्यात शिरलं होतं.

श्रुतिकाने हे सगळं अंगणात, गाडीभोवती उकिडवं फिरत मोजलं. ती केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, बोईसरच्या एका लॅबमध्ये दिवसभर नमुने तपासायची, आणि घरी आली तरी तिचा हात मोजपट्टीकडे जायचा.

"माणसांचं पण मोज," व्हरांड्यातल्या झोपाळ्यावरून आई म्हणाली.

आईचं, म्हणजे वसुमतीबाईंचं, डावं मनगट मुरगळलं होतं आणि कोपर सोललं होतं. बाबांच्या गुडघ्याला खरचटलं होतं. ते त्यांनी संध्याकाळपर्यंत सांगितलंच नव्हतं. विचारल्यावर म्हणाले, पँट फाटली नाही ना, मग काय सांगायचं.

एकनाथ सावे रेल्वेत लोको पायलट होते, मालगाडीचे. गेल्या वर्षी रिटायर झाले. सगळी नोकरी वलसाड, उधना, वसई अशा ठिकाणच्या रनिंग रूममध्ये झोपून काढलेली. रनिंग रूम म्हणजे ड्युटी संपलेल्या ड्रायव्हरांनी पाठ टेकायची जागा: लोखंडी कॉट, रेल्वेचा शिक्का मारलेली चादर आणि दुसऱ्याचं घोरणं. डहाणूच्या मल्याणमधल्या स्वतःच्या घरी ते पाहुण्यासारखे यायचे. श्रुतिका लहान असताना शेजारच्या काकूंना सांगायची की बाबा आमच्याकडे अधूनमधून राहायला येतात, आणि काकू ते अजून सगळ्यांना सांगत असत.

रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवी ड्युटी लावून घेतली. वसुमतीबाई तलासरी तालुक्यात, झरीच्या पुढच्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. तोवर त्या एसटी आणि शेअर जीप बदलत जायच्या. आता एकनाथ त्यांना गाडीवर न्यायला-आणायला लागले. घोलवड, बोर्डी, मग आत वळून झरी. सकाळी हेल्मेट घालून अंगणात उभे राहायचे आणि "अप गाडी निघाली" म्हणायचे. वसुमतीबाई म्हणायच्या, निघू दे, मी मागून येते. मग दोघं जायची. वाटेत कुठल्या वाडीत चिकू उतरवलेत, कुठे ताडगोळे आलेत, हे त्यांचं बोलणं हेल्मेटमधून ओरडून चालायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रोज दोन तास एकमेकांशी बोलायची त्यांना ही पहिलीच संधी होती.

पडले ते शाळेच्या अलीकडे, ओढ्यावरच्या मोरीआधी. तिथे रस्ता उतरतो, उजवीकडे वळतो आणि मोरी ओलांडून पुन्हा चढतो. डाव्या हाताला डांबर संपतं आणि सुटी खडी लागते. गाडी उजवीकडे वळण्याऐवजी हळूहळू बाहेर सरकत गेली, चाक खडीत उतरलं आणि दोघं आडवी झाली. वेग काही नव्हताच. पाड्यावरची रूपी, जी शाळेत खिचडी शिजवते, तिने धावत येऊन आधी बाईंना उचललं, मग गाडीला, आणि मग सरांना.

वसुमतीबाईंनी रागाचा एक शब्द काढला नाही. जेवताना त्यांनी सांगितलं की तलासरीत त्यांच्याबरोबरच्या एका बाईंकडे मागची खोली रिकामी आहे. सोमवार ते शनिवार तिथे राहिलं तर शाळा जवळ पडेल. या सोमवारी कळवते असं त्यांना सांगून ठेवलंय.

"बरं," एकनाथ म्हणाले आणि गाडी धुवायला गेले. गाडी संध्याकाळीच धुतलेली होती.

श्रुतिकाला ते "बरं" खूप वेळ ऐकू येत राहिलं. आयुष्यभर बाबा रनिंग रूममध्ये आणि आई घरी. आता बाबा घरी आले तर आई खोलीवर. ती आईजवळ जाऊन बसली. आई म्हणाली, "मला पडायची भीती नाही गं. पण तिथं रोज मी डोळे मिटून बसते. पडायच्या आधीपासून. गाडी बाहेर बाहेर जाते, ते मला मागे कळतं. त्यांना सांगितलं की म्हणतात, हळूच तर चालवतोय."

म्हणजे हे त्या एका दिवसाचं नव्हतं. रोजच होत होतं, आणि जे रोज होतं ते मोजता येतं.

आधी तिने गाडीवर संशय घेतला. स्टेशनजवळच्या मनिषच्या गॅरेजमध्ये नेऊन टायर, हवा, ब्रेक, पुढचे शॉकअप, सगळं बघून घेतलं. मनिषने आरसा बसवला, लिव्हर बदलला, एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "गाडीत काय नाय, बेन. आता चालवणाऱ्याला रिपेरिंगला आण."

मग तिने बाबांना जेवणाच्या ताटावर समजावलं. एक पोळी उचलली आणि म्हणाली, समजा ही टायरची सगळी पकड. एवढीच आहे, जास्त मिळणार नाही. ब्रेक लावला की त्यातली अर्धी गेली. तिने अर्धी फाडून बाजूला ठेवली. आता वळायला उरली ही अर्धी. शिवाय वळणात ब्रेक लावला की वजन पुढे येतं, कललेली गाडी उभी राहायला बघते, आणि उभी गाडी सरळ जाते. म्हणून ब्रेक सगळा वळणाच्या आधी. मग सोडायचा, गाडी कलवायची आणि अगदी थोडी रेस धरून ठेवायची, एकसारखी, म्हणजे गाडी चाकांवर नीट बसते.

"आणि ती पोळी गार होतेय, ती आधी खा," आई म्हणाली.

एकनाथांना मात्र हे आवडलं. इंजिनाची चाकं घसरायला लागली की रुळावर वाळू सोडतात, पकड वाढते, असं त्यांनी सांगितलं. रस्त्यावर त्याच वाळूने पकड जाते याचं त्यांना नवल वाटलं. बापलेकीची घर्षणावर अर्धा तास चर्चा झाली. सगळं पटलं, असं ते म्हणाले.

शनिवारी सकाळी श्रुतिका त्यांच्या मागे बसून वळणावर गेली. आईच्या शाळेत नुकत्याच स्पर्धा झाल्या होत्या आणि मैदान आखायची फक्की अर्धं पोतं उरली होती. त्या पांढऱ्या भुकटीचे तिने रस्त्याच्या आपल्या बाजूला आडवे तीन पट्टे ओढले: एक वळण सुरू होतं तिथे, एक मध्यावर, एक मोरीच्या जरा आधी, वळण संपतं तिथे. चाक पट्ट्यावरून गेलं की खूण उमटणार, आणि डांबराच्या कडेपासून ती खूण किती लांब हे टेपने मोजता येणार. रूपीला तिने मोरीपलीकडे उभं केलं, समोरून काही आलं तर हात करायला. रूपी निरगुडीची फांदी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली की पडायचं असेल तर आज अलीकडे पडा, माझं भाताचं आधण ठेवलेलं आहे.

एकनाथ एकटेच तीनदा गेले. पहिल्या पट्ट्यावर खूण कडेपासून सव्वा मीटरच्या आसपास, अगदी जिथे हवी तिथे. शेवटच्या पट्ट्यावर अडतीस सेंटिमीटर, मग एकेचाळीस, मग पस्तीस. आई बरोबर सांगत होती. वळता वळता गाडी बाहेर जात होती, आणि दर वेळी जवळपास तेवढीच.

दुसरी गोष्ट मोजायची गरजच नव्हती, ती दिसत होती. मागचा लाल दिवा वळणाच्या आधी लागायचा आणि विझायचाच नाही. सगळं वळण, मोरी आणि पुढे पळसाच्या झाडापर्यंत तो पेटलेलाच असायचा. पळस गेला की विझायचा आणि मगच इंजिनाचा आवाज चढायचा.

"बाबा, तुम्ही पूर्ण वळणभर ब्रेक धरून ठेवताय."

"हलकासाच," एकनाथ म्हणाले. "उताराला गाडी धरून ठेवायला."

तिने सांगितलं, पहिल्या पट्ट्याआधी सोडा. त्यांनी सोडला, पण मध्यावर गेल्यावर दिवा पुन्हा लागला. पुन्हा सांगितलं, ब्रेकला हात लावू नका, वळणात थोडी रेस द्या. या वेळी दिवा लागला नाही, पण मध्यावर त्यांनी रेस एकदम पिळली, गाडीने उसळी खाल्ली आणि शेवटच्या पट्ट्यावर खूण उमटली बावीस सेंटिमीटरवर. खडीतले दोन दगड उडाले. श्रुतिकाच्या हातातला टेप खाली पडला.

"पयलंच बरं होतं," पलीकडून रूपी म्हणाली.

बाप-लेक घरी परत निघाले. बोर्डीला उसाचा रस प्यायला थांबले तेव्हा एकनाथ ग्लास फिरवत म्हणाले की डोक्याला सगळं कळतंय गं, हात ऐकत नाहीत. खोली चांगली असेल ना, असंही त्यांनी विचारलं. पंखा असेल का. श्रुतिका म्हणाली, मला माहीत नाही. तिला आकडे मिळाले होते. हात का ऐकत नाहीत, हे त्यांतला एकही आकडा सांगत नव्हता.

रविवारी आईही निघाली. गाडीवर बसायला नाही, हे तिने आधीच स्पष्ट केलं. फक्की शाळेची होती आणि तिला उरलेलं पोतं जागेवर ठेवायचं होतं. ती आणि श्रुतिका जीपने गेल्या, बाबा मागून गाडीने आले. वसुमतीबाई मोरीच्या कठड्यावर पदर खोचून बसल्या. शेजारी रूपी येऊन बसली आणि दोघींचं शाळेतल्या पोरांवरून बोलणं सुरू झालं. श्रुतिकाने पट्टे नव्याने ओढले.

पहिली फेरी. चाळीस सेंटिमीटर. दिवा मध्यावर पुन्हा लागला.

"श्रुती," आईने हाक मारली, "तू चाकाकडे बघतेस. त्यांच्या मानेकडे बघ."

दुसऱ्या फेरीला श्रुतिकाने मानेकडे बघितलं. वळणाच्या मध्यावर एकनाथांनी मान उजवीकडून मागे वळवली, खांद्यावरून एक नजर टाकली आणि पुन्हा पुढे बघितलं. एवढीशी गोष्ट. काल ती पट्ट्यांवर वाकून बसली होती, तिला हे दिसलंच नव्हतं. मान मागे गेली तेव्हाच दिवा लागला होता.

एकनाथ गाडी वळवून आले. वसुमतीबाई कठड्यावरून उतरल्या नाहीत, बसल्या जागेवरूनच त्यांनी विचारलं.

"अहो, वळणात मागे काय बघता?"

"मी? कुठे काय."

"आत्ता बघितलंत. काल-परवापण बघत असणार. मी मागे बसते तेव्हा माझं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटतं, ते मला वाटायचं खड्ड्यानं आपटतं."

एकनाथांनी गाडी स्टँडला लावली आणि हेल्मेट काढलं. त्यांनी वळणाकडे एकदा बघितलं. मग सांगायला लागले, आणि सांगता सांगता त्यांच्याच लक्षात येत गेल्यासारखे अडखळले. मालगाडी वळणात शिरली की ड्रायव्हरने मागे बघायचं. वळणातच सगळी गाडी दिसते ना, सरळ रुळावर दिसत नाही. डबे नीट येताहेत ना, कुठून धूर नाही ना, काही लोंबत नाही ना. आणि जिथे वेग कमी ठेवायचा असतो तिथे गाडी धरून ठेवायची. इंजिन बाहेर पडलं म्हणून मोकळं सोडायचं नाही. मागे अर्धा किलोमीटर गाडी अजून वळणातच असते. शेवटचा डबा बाहेर पडला की मगच वेग.

"म्हणजे पळसापर्यंत," श्रुतिका म्हणाली.

"तिथवर सगळे डबे निघतात असं वाटतं," एकनाथ म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "वाटतं म्हणजे, विचार करून नाही. हाताला वाटतं."

रूपीने तोंडाला पदर लावला. वसुमतीबाई हसल्या नाहीत.

"आणि या गाडीला शेवटचा डबा कोण? मी?"

"आता मागे तूच असतेस," एकनाथ म्हणाले. "बघायला नको का, नीट आहेस की नाही?"

ओढ्यात म्हशी उतरल्या होत्या, त्यांच्या घंटांचा आवाज तेवढा येत होता. श्रुतिकाच्या मनात पकड, वजन, कोन असं पुष्कळ काही आलं, पण तिने ते तसंच राहू दिलं. हिशोबात एक डबा जास्त धरला गेला होता, आणि तो तिच्या पोळीने वजा होणारा नव्हता.

वसुमतीबाई कठड्यावरून उतरल्या. साडी झटकली. रेल्वेवाल्याची बायको म्हणून त्यांना त्या खात्यातले बरेच शब्द येत होते.

"नुसतं इंजिन एकटं जातं, डबे न जोडता, त्याला तुम्ही काय म्हणता?"

"लाइट इंजिन."

"त्याला मागे बघायला लागतं?"

"त्याला काय बघायचं. मागे काही नसतंच. ते वळणातून बाहेर आलं की आलं."

"मग ही गाडी लाइट इंजिन समजा."

"तू आहेस ना पण मागे."

"मी मागे नाही," वसुमतीबाई म्हणाल्या. "मी इंजिनातच आहे. तुमच्या शेजारी उभी."

एकनाथांनी त्यांच्याकडे बघितलं. नोकरी चालू असताना घरच्या माणसाला इंजिनात घेता येत नाही. लग्न नवीन होतं तेव्हा वसुमतीबाई डहाणूच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभ्या राहायच्या, मालगाडी न थांबता निघून जायची, आणि इंजिनाच्या खिडकीतून एक हात वर व्हायचा. श्रुतिकाने ही गोष्ट आजवर आईकडून ऐकली होती. बाबांकडून कधीच नाही. आज त्या गोष्टीतली दोन्ही माणसं तिच्यासमोर उभी होती, एकाच्या हातात हेल्मेट, दुसरीच्या मनगटाला क्रेप बँडेज.

वसुमतीबाईंनी हात पुढे केला आणि गाडीला अडकवलेलं दुसरं हेल्मेट मागितलं.

"आई, आधी बाबांना एकट्याने दोन-तीनदा जाऊ दे. मोजू दे मला."

"एकट्याने जाऊन काय कळणार? एकटे असताना कुठे ते एकटे असतात," आई म्हणाली. "उद्या त्या खोलीचं कळवायचंय मला. मी एकदाच बसणार. डोळे उघडे ठेवून." मग नवऱ्याला म्हणाली, "मी मागे नीटच असते. तसं नसेल तर पाठीत बुक्की मारीन. तोवर पुढे बघायचं."

एकनाथांनी मान हलवली. किक मारायची गरज नव्हती, बटणाची गाडी होती, तरी त्यांनी किक मारली. दोघं चढावर गेली, पार वर आंब्याच्या झाडाशी वळली आणि थांबली. श्रुतिकाने शेवटच्या पट्ट्यावर नवी फक्की टाकली आणि बाजूला झाली. रूपी या वेळी फांदी घेऊन स्वतःहूनच पलीकडे गेली आणि रस्त्याच्या मध्ये उभी राहिली, जणू आख्खा हायवे अडवायचा होता.

गाडी उतारावरून यायला लागली. लाल दिवा समोरून दिसत नाही, त्यामुळे श्रुतिका कानांनी ऐकत होती. सरळ रस्त्यावरच आवाज खाली आला, पुढचा भाग किंचित दबला आणि पुन्हा वर आला. म्हणजे ब्रेक सुटला. गाडी पहिल्या पट्ट्यावरून गेली आणि कलली. आईचं हेल्मेट बाबांच्या हेल्मेटबरोबर त्याच कोनात कललं. गाडी मध्यावर आली. इथे आवाज तुटायचा. या वेळी तो तुटला नाही. तानपुऱ्यावर कोणीतरी सूर धरून ठेवावा तसा एका उंचीवर राहिला, आणि मग कळेल न कळेल इतका चढायला लागला. बाबांची मान पुढे होती. गाडी समोरून पुढे गेली तेव्हा मागचा दिवाही दिसला, विझलेला. आईचा बँडेजचा हात बाबांच्या खांद्यावर होता. बुक्कीसाठी नाही, नुसताच ठेवलेला.

मोरी गेली, पळस गेला, चढ गेला. श्रुतिका वाट बघत राहिली. गाडी वळून आली नाही. आवाज लांब लांब जात ऐकू येईनासा झाला.

"बाई पळून गेल्या," रूपी म्हणाली.

अर्ध्याएक तासाने फोन वाजला. आई होती. मागे ट्रकचे हॉर्न आणि कढईत काहीतरी तळल्याचा आवाज.

"अगं, तलासरीच्या नाक्यावर आहोत. भजी खातोय. यांना थांबायचंच नव्हतं, म्हणाले सिग्नल मोकळा आहे. त्या खोलीवाल्या बाई इथेच बाजारात भेटल्या, त्यांना सांगून टाकलं, दुसऱ्या कोणाला द्या म्हणून." मग विचारलं, "तू मोजलंस का?"

श्रुतिकाने मोजलं नव्हतं. ती फोन कानाला लावूनच पट्ट्यापाशी गेली. दरम्यान एक सायकल आणि दोन बकऱ्या तिथून गेल्या होत्या, पण टायरची नक्षी फक्कीत स्वच्छ उमटलेली होती, पुढच्या आणि मागच्या चाकाची जवळजवळ एकावर एक. रूपी उकिडवी बसली आणि टेपचं टोक डांबराच्या कडेला बोटाने दाबून धरलं. श्रुतिकाने टेप ताणला, खुणेच्या मध्यावर नख ठेवलं आणि फोनमध्ये वाचून दाखवलं.

एक मीटर सव्वीस सेंटिमीटर.